एक्झॉस्टचे पॅकिंग पुन्हा पुन्हा जाते तेव्हा : नव्या गाडीमालकांसाठी मार्गदर्शक

माझ्या सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या गाडीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून निघणारा धूर एकत्र करून नळीत सोडणाऱ्या भागाचे) गॅसकेट, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ पत्रा, १४ महिन्यांत ३ वेळा बदलावे लागले. गॅरेजमध्ये या भागाला पॅकिंग म्हणतात आणि बिलावर बहुधा नुसते ‘सायलेन्सर पॅकिंग’ असे लिहिलेले असते, त्यामुळे इंजिनापासून मागच्या नळीच्या टोकापर्यंत असलेल्या चार-पाच सांध्यांपैकी नेमक्या कोणत्या सांध्याचे पॅकिंग बदलले, हेही नवख्या माणसाला कळत नाही. मलाही पहिल्या दोन वेळा कळले नव्हते. प्रत्येक वेळी आवाज थांबला म्हणून मी समाधानाने पैसे दिले आणि प्रत्येक वेळी चार-पाच महिन्यांनी तोच आवाज परत आला.

अनेक गाड्यांत कारखान्यात बसवलेले मूळ गॅसकेट इंजिन उघडण्याची वेळ येईपर्यंत तसेच टिकते. त्यामुळे ते वर्षाच्या आत जळले, तर दोष क्वचितच त्या पत्र्याच्या तुकड्यात असतो. त्याच्यावर भलतीकडून ताण येत असतो किंवा ते बसवताना काहीतरी राहून गेलेले असते. नवे गॅसकेट विकत घेण्यापूर्वी ते कारण शोधणे हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

१. काम सुरू करण्यापूर्वी दोन धोके लक्षात घ्या

पहिला धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. धुराचा जो वास आपल्याला येतो तो इतर घटकांचा असतो, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे धोका नाही’ असा हिशेब इथे चालत नाही. गाडीच्या आत हवा घेण्याची जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला असते, आणि मॅनिफोल्डमधून गळणारा धूर नेमका तिथपर्यंत पोहोचू शकतो. गाडीत बसल्यावर डोके जड होणे, मळमळणे किंवा विनाकारण झोप येणे असे काही जाणवले, तर काचा उघडा, गाडी थांबवून बाहेर या आणि दुरुस्ती होईपर्यंत ती वापरू नका. मुंबईतल्या अनेक नव्या इमारतींत तळघरात किंवा पोडियमखाली पार्किंग असते. तिथे इंजिन चालू ठेवून कोणतीही तपासणी करू नका. गाडी उघड्या आवारात आणा, मग भले शेजाऱ्यांची थोडी कुरकुर झाली तरी चालेल.

दुसरा धोका भाजण्याचा. चालून आलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड कित्येक शे अंश तापलेला असतो आणि तो लालभडक दिसत नसल्यामुळे हात सहज लागतो. इंजिन बंद केल्यावर किमान तीन-चार तास, शक्य असल्यास रात्रभर, गाडी थंड होऊ द्या.

२. लागणारे साहित्य आणि कागद

केवळ निदानासाठी फार काही लागत नाही: टॉर्च, हातमोजे, डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा, साबणाचे पाणी भरलेली फवारणीची बाटली, साधारण एक मीटर लांबीची रबरी नळी, हवा बाहेर फेकण्याची सोय असलेला व्हॅक्यूम क्लीनर आणि जमल्यास मोबाईलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे उपकरण). गॅसकेट स्वतः बदलणार असाल, तर गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळणारा), फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच), सरळ धारेची पोलादी पट्टी, गंज सैल करणारे तेल, दोन भक्कम जॅक स्टँड, नवे गॅसकेट आणि नवे नट एवढे लागेल. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरू नका. हत्यारांसाठी मी नागदेवी स्ट्रीटला जातो आणि सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसच्या बाजारात. सुटा भाग मागताना गाडीचे मॉडेल, वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि चॅसिस क्रमांक सांगितला, तर चुकीचा भाग हाती पडण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

कागदांपैकी आरसी, वॉरंटीचे पुस्तक, मागच्या दुरुस्त्यांची बिले आणि पीयूसी प्रमाणपत्र जवळ ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः एकही नट सोडवू नका; अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि तिची प्रत मागून घ्या. आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवणे कधी कधी कठीण जाते, परंतु नट किती जोराने आवळायचे याचा आकडा त्यातच असतो, म्हणून तेवढे पान तरी मिळवाच.

३. आवाज ओळखायला शिका

गळतीचा खास आवाज सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर येतो. टिक-टिक-टिक असा, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जलद होणारा, रेस दिल्यावर ‘फट-फट’कडे झुकणारा. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, फट मिटते आणि पाच-दहा मिनिटांत आवाज नाहीसा होतो. म्हणूनच गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही आणि तो आपल्याकडे संशयाने पाहू लागतो. यावर उपाय एकच: आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी आपण हजर असताना ती सुरू करायला सांगा. ते जमत नसेल, तर बॉनेट उघडून पहिल्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. आमच्या इमारतीत मी गाडी भिंतीला लागून उभी करतो. भिंतीवरून आदळून आलेला आवाज उघड्या जागेपेक्षा कितीतरी स्पष्ट येतो, आणि माझी गळती मला पहिल्यांदा तशीच कळली.

या आवाजाशी गल्लत होणारे आणखी तीन आवाज आहेत. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज इंजिनाच्या माथ्यावरून येतो, त्याचा सूर कोरडा व धातूचा असतो, आणि ऑइलचा दाब वाढला की तो कमी होतो. यामुळेच सुरुवातीच्या मिनिटात दोन्ही आवाज फसवे असतात. इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक टकटक इंजिन गरम झाल्यावरही तशीच राहते. तिसरा आवाज हीट शील्डच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या, सैल पत्र्याचा. तो एका ठरावीक फेऱ्यांवरच थरथरतो आणि लांब लाकडी काठीने पत्रा हलकेच दाबला की बंद होतो. माझ्या पहिल्या दुरुस्तीच्या आधी एका गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगचे पैसे घेतले गेले, आवाज मात्र होता तसाच राहिला.

४. गळतीची नेमकी जागा शोधा

इंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाला) मॅनिफोल्ड जिथे जोडला जातो तो पहिला सांधा. त्यानंतर मॅनिफोल्ड आणि खाली जाणारी नळी यांच्यामधला सांधा येतो, जिथे अनेक गाड्यांत गोल कड्यासारखे गॅसकेट आणि स्प्रिंग लावलेले बोल्ट असतात. पुढे जाळीदार, लवचिक फ्लेक्स पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) दोन्ही बाजूंचे फ्लँज, म्हणजे बोल्ट लावण्याच्या सपाट कडा, आणि शेवटी सायलेन्सर. नव्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या गाड्यांत, कन्व्हर्टर अनेकदा इंजिनाला अगदी चिकटून असतो, त्यामुळे जागा अडचणीची आणि मजुरी जास्त असते.

आधी डोळ्यांनी पाहा. पेट्रोल किंवा डिझेल गाडीत गळतीच्या जागी काजळीचा काळा पट्टा दिसतो. सीएनजी गाडीच्या मालकांनी इथे सावध राहावे, कारण सीएनजीच्या ज्वलनात काजळी फारच कमी होते आणि गळती असूनही सांधा स्वच्छ दिसू शकतो. माझ्या गाडीत काळा डाग शोधण्यात पहिला आठवडा असाच वाया गेला.

मग साबणाच्या पाण्याची चाचणी करा. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू मागच्या नळीला लावा, भोवती ओले फडके गुंडाळा, हवा सोडा आणि एकेका सांध्यावर साबणाचे पाणी फवारा. जिथे फेस फुगतो तिथे गळती आहे. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह टाळा, कारण एवढा दाब एक्झॉस्टसाठी गरजेचा नाही आणि योग्यही नाही. आणखी एक फसवी जागा म्हणजे सायलेन्सरच्या तळाशी असलेले बारीक छिद्र. आत साठणारे पाणी निथळावे म्हणून अनेक सायलेन्सरना ते मुद्दाम ठेवलेले असते. तिथून बुडबुडे आले म्हणून वेल्डिंग करून ते बुजवू नका.

रबरी नळीचे एक टोक कानाजवळ आणि दुसरे संशयित सांध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरले, तर इंजिन चालू असताना धुराचे ठोके वेगळे ऐकू येतात. मात्र हे थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच करावे आणि नळी, बाह्या, ओढणी असे काहीही पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ जाऊ देऊ नये. कोणत्या सिलिंडरपाशी गळते हे ठरवायचे असेल, तर मेकॅनिककडून, गाडी पेट्रोलवर चालू ठेवून, एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही क्षणांसाठी काढून पाहता येते. ज्याचा कनेक्टर काढल्यावर टिकटिक थांबते, तो सिलिंडर. यासाठी स्पार्क प्लगची कॉइल काढू देऊ नका, कारण मग न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते आणि गॅसकेटच्या दुरुस्तीत कन्व्हर्टरचा खर्च येऊन पडतो.

५. स्कॅनरचे आकडे जपून वाचा

एक्झॉस्टमधला दाब सतत एकसारखा नसतो. प्रत्येक ठोक्यानंतर तो क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि त्या क्षणी फटीतून धूर बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. फट पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल, तर सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, संगणक मिश्रण पातळ झाले असे समजतो आणि इंधन वाढवतो. परिणामी अॅव्हरेज घसरते आणि कधी पी ०१७१ हा दोषाचा कोड येतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती वाढवतो-घटवतो तो) हा आकडा आयडलला, म्हणजे रेस न देता, अधिक १० टक्क्यांच्या वर आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांना बराच कमी दिसला, तर संशयाला जागा आहे; पण इनटेकच्या बाजूची हवागळतीही नेमके हेच चित्र दाखवते. त्यामुळे केवळ आकड्यांवरून ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी साबणाच्या पाण्याची चाचणी झाली का, एवढे विचारा. पीयूसी पास झाली याचा अर्थ गळती नाही, असाही घेऊ नका.

६. जुने गॅसकेट फेकू देऊ नका, ते वाचा

माझा प्रश्न सुटला तो या पायरीवर. तिसरे नवे गॅसकेटही जळाले आणि चौथ्या वेळी ते काढले, तेव्हा मी आधीची दोन्ही मागून घेतली. एक गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात होते, दुसरे सुदैवाने माझ्या डिकीत. तिन्ही वर्तमानपत्रावर एकाखाली एक मांडली. चार भोके, भोवती दाबल्या गेलेल्या कडेची गोल खूण. पहिल्या तीन भोकांभोवती ती खूण सगळीकडे सारखी, लखलखीत होती. चौथ्या भोकाच्या खालच्या अंगाला मात्र ती पुसट होत होत नाहीशी झालेली आणि तिथूनच करड्या रंगाची, बोटभर रुंदीची वाट बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली. तिन्ही गॅसकेटवर अगदी त्याच जागी. तीन वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले तीन तुकडे एकाच जागी सदोष निघतील, असे होत नाही.

वाचनाचे सूत्र साधे आहे. दाबाची खूण सगळीकडे ठळक असून एकाच जागी वाट जळलेली असेल, तर तिथला फ्लँज वाकलेला आहे किंवा तिथला स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट लावण्याचा आटेदार दांडा) सैल आहे. सगळीकडेच खूण पुसट असेल, तर नट नीट आवळले गेले नव्हते. लांबीच्या दिशेने घासल्याच्या चकचकीत रेघा असतील, तर मॅनिफोल्ड सरकताना गॅसकेटला ओढून नेत होता. भोकाच्या आत गॅसकेटची कड डोकावत असेल, तर भाग चुकीच्या मॉडेलचा आहे. प्रत्येक गॅसकेटवर काढल्याची तारीख, किलोमीटर आणि वरची बाजू मार्करने लिहून ठेवा.

७. मूळ कारण शोधा

धातूचे सरकणे ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे सव्वादोन मिलिमीटर लांबतो. ज्या अॅल्युमिनियमच्या हेडवर तो बसतो ते पाण्याने थंड होत असल्याने जेमतेम ७० अंशांनी तापते आणि पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते. म्हणजे गाडी तापण्याच्या प्रत्येक वेळी मॅनिफोल्ड हेडवर दीडएक मिलिमीटर सरकतो आणि थंड झाल्यावर परत येतो. यासाठीच त्याची टोकाची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. तिथे गंज भरला किंवा भलताच जाड स्टड बसवला, की ही वाट बंद होते, मॅनिफोल्ड वाकतो आणि टोकाचे सिलिंडर आधी गळू लागतात.

वाक तपासण्यासाठी फ्लँजवर सरळ पट्टी उभी धरून खाली फिलर गेजची पाती सरकवून पाहतात. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी यासाठी चालत नाही. जाड काचेचा तुकडा एक वेळ चालेल. माझ्या मॅन्युअलमध्ये ०.१० मिलिमीटरची मर्यादा होती आणि चौथ्या भोकापाशी ०.२५ची पाती विनासायास आत गेली. असा मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेऊन त्याचे फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावे, आणि सगळे फ्लँज एकाच पातळीत यायला हवेत हे त्याला स्पष्ट सांगावे. गॅरेजमध्ये ग्राइंडर फिरवून ‘सरफेस मारून देतो’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

परंतु नुसता वाक काढून माझे काम झाले नसते. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत रेस दिली की इंजिन पुढे-मागे डुलते. हे डुलणे इंजिनाची फाउंडेशने, म्हणजे रबरी आधार, रोखतात आणि उरलेले फ्लेक्स पाइप सोसतो. फाउंडेशनचे रबर फाटले असेल, तर प्रत्येक सिग्नलला क्लच सोडताना सगळा झटका नळीवाटे मॅनिफोल्डच्या सांध्यावर येतो, आणि मुंबईत असे सिग्नल किती येतात हे सांगायला नको. तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडा, एकाने आत बसून हँडब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक घट्ट दाबावा आणि पहिला गियर टाकून क्लच पकडू लागेपर्यंतच सोडावा; मग तेच रिव्हर्समध्ये करावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये. माझ्या गाडीचे इंजिन या वेळी बोटभर नव्हे, चांगले चार बोटे उसळले. खालच्या बाजूचे, हाडाच्या आकाराचे फाउंडेशन काढले, तेव्हा त्याचे रबर मधोमध चिरलेले होते आणि धातूची नळी मोकळी लोंबत होती. तीन गॅसकेटच्या मजुरीत तसली कितीतरी फाउंडेशने आली असती.

फ्लेक्स पाइप थंड असताना हाताने वाकवून पाहा; तो किंचित हलला पाहिजे. जाळीचे धागे सुटले असतील किंवा तो दगडासारखा ताठ झाला असेल, तर बदला. दोन टोकांना वेल्डिंग करून तिथे साधी नळी बसवण्याचा स्वस्त उपाय गॅसकेटच्या मुळावर येतो. सायलेन्सर टांगणारी रबरे, खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावर नळी आपटल्याच्या खुणा, स्प्रिंगच्या बोल्टांतली मेलेली स्प्रिंग हेही त्याच वेळी पाहून घ्या.

एक कारण इंजिनाच्या आतले असते. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन नीट पेटत नसेल, तर न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये पेटते. कन्व्हर्टर चोंदला असेल, तर मागचा दाब वाढतो. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून बाहेरून किट बसवलेल्या गाडीत स्पार्कचे टायमिंग त्यानुसार जुळवलेले नसेल, तर ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळते आणि धूर जास्त गरम बाहेर पडतो. अशा गाडीचे ट्यूनिंग आधी करून घ्या.

८. गॅसकेट बसवताना

जुने नट सोडवण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी गंज सैल करणारे तेल लावा. नट अडला तर जोर न करता थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवा. स्टड तुटल्यास स्वतः ड्रिल मारू नका. अनुभवी वेल्डर तुटक्या तुकड्यावर नवा नट जोडून तो बाहेर काढतो, आणि हेडमधले आटे गेलेच असतील तर हेलीकॉइल (तारेचे नवे आटे) बसवता येते.

हेडची भोके स्वच्छ फडक्याने बंद करून मगच पृष्ठभाग साफ करा, आणि अॅल्युमिनियमवर लाकडी किंवा प्लॅस्टिकचीच पट्टी वापरा. जुन्या गाडीच्या मूळ गॅसकेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून उरलेला थर कोरडा घासू नका. ओला करून खरवडा आणि फडके पिशवीत बांधून टाका. एकदा दाबले गेलेले गॅसकेट पुन्हा कधीही वापरू नका.

लाल सिलिकॉनबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. ‘थोडा लावून देतो साहेब, डबल सेफ्टी’ असे मला दुसऱ्या वेळी सांगण्यात आले आणि मला ते पटलेही. हे सिलिकॉन साधारण ३०० ते ३५० अंशांपर्यंत टिकते, मॅनिफोल्ड त्याच्या पलीकडे जातो. सिलिकॉन जळून निघून जाते आणि त्याच्या जाडीइतकी दाबात ढिलाई राहते. शिवाय त्याच्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करू शकतात. मॅनिफोल्डचे गॅसकेट कोरडेच बसवायचे असते, मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले असेल तरच नाही.

नट आवळण्याचा क्रम मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे, आडवातिडवा जातो. आठ मिलिमीटरच्या स्टडचा अंतिम आकडा बऱ्याच गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा मॅन्युअलमधूनच घ्या आणि तिथपर्यंत एकदम न जाता तीन टप्प्यांत जा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचे की नाही हेही तिथेच पाहा, कारण तेलकट आट्यावर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त ताण देतो.

नवख्यांकडून आणि घाईतल्या मेकॅनिककडूनही राहून जाणारी गोष्ट म्हणजे नळीची जुळवणी. मॅनिफोल्डपासून सायलेन्सरपर्यंतचे सगळे सांधे आधी सैल जोडून घ्या, नळी आपल्या जागी निवांत लोंबू द्या आणि मग इंजिनाकडून मागच्या टोकाकडे एकेक आवळत जा. फ्लँजची भोके जुळत नाहीत म्हणून पहारीने नळी ओढून बोल्ट घातला, तर तो ओढा त्या सांध्यावर कायमचा राहतो.

९. गॅरेजमध्ये काय बोलावे

स्वतः काम करणार नसाल, तर एवढ्या गोष्टी आधीच ठरवून घ्या: फ्लँजचा वाक माझ्यासमोर मोजला जाईल, नट नवे असतील, टॉर्क पाना वापरला जाईल, सिलिकॉन लावले जाणार नाही आणि जुना भाग मला परत मिळेल. बिलावर कोणत्या सांध्याचे गॅसकेट, हे लिहून घ्या. काही मिस्त्रींना हे प्रश्न अपमानासारखे वाटतात. जो न रागावता ‘या ना, बघा’ म्हणतो, त्याच्याकडे गाडी द्या. माझ्या चौथ्या वेळच्या मिस्त्रींनी तर तीन गॅसकेट हातात घेऊन, मी काही बोलण्याआधीच, ‘आधी फाउंडेशन दाखवा’ असे म्हटले होते.

१०. पावसाळा, खारी हवा आणि छोट्या फेऱ्या

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे या पाणी साचणाऱ्या जागांच्या नावांना मुंबईत ओळखीची गरज नाही. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाण्याचा लोट आदळला, तर त्याला वाक किंवा तडा येऊ शकतो. पाणी साचले असेल तर वाट बदला किंवा थांबा, आणि गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करू नका. यापेक्षा कमी चर्चेत असलेला प्रकार म्हणजे धुलाई: गाडी घाटकोपरहून तापून आलेली असते आणि रॅम्पवर चढवताच इंजिनावर जोराचे पाणी सोडले जाते. तासभर थांबायला सांगा किंवा इंजिनाची धुलाई नकोच म्हणा.

वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्रालगतच्या भागांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे स्टड लवकर गंजतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा ते पाहून घ्यावेत.

आतून येणारे पाणीही कमी नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. एक किलो मिथेन, म्हणजे सीएनजीचा मुख्य घटक, जळाला की सव्वादोन किलो. गाडी पूर्ण तापली तर ही वाफ बाहेर निघून जाते. घरापासून स्टेशनपर्यंतच्या दोन किलोमीटरांत ती नळीतच पाणी होऊन बसते आणि फ्लँज आतून गंजवते. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास महामार्गावर चालवावी.

११. दुरुस्तीनंतरची तपासणी

पहिल्यांदा सुरू केल्यावर हाताचे तेल व गंजतेल जळल्यामुळे थोडा धूर येतो. तो दहा-पंधरा मिनिटांत थांबला पाहिजे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर. त्यानंतर साधारण ५०० किलोमीटरनी साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा करा आणि फाउंडेशनचे बोल्ट पाहा. मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळायचे का, हे गॅसकेटच्या प्रकारावर अवलंबून असते. ग्रॅफाइटचा थर असलेल्या काही गॅसकेटना थंड असताना पुन्हा आवळावे लागते, पोलादी पत्र्यांच्या थरांच्या गॅसकेटना सहसा नाही, आणि मॅन्युअल सांगत नसेल तर ‘थोडा अजून’ म्हणून पाना लावू नका.

टिकटिक परत आलीच, तर पहिल्या दुरुस्तीच्या जागेशी तिची तुलना करा. जागा तीच असेल तर सातव्या पायरीकडे जा. जागा बदलली असेल तर पुढचा सांधा ताण घेऊ लागला आहे असे समजून फ्लेक्स पाइप आणि टांगणाऱ्या रबरांपासून सुरुवात करा. माझ्या गाडीत गेल्या पावसाळ्यानंतर असा हलका आवाज आला होता. शोधल्यावर मॅनिफोल्ड ठीक निघाला आणि मागचे एक रबर तुटून नळी एका बाजूला कललेली आढळली. रबर बदलल्यावर आवाज गेला आणि गॅसकेटला हात लावावा लागला नाही.